पंचेचाळिशीनंतर पूर्ण कच्च्या आहारावर गेलेलं चालतं का? सोलापुरात कुणी केलंय का?

शिलाईवाली_ताई

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापूरची, वय ४७, शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात सुपरवायझर आहे म्हणजे दिवसभर बसून काम आणि संध्याकाळी घरी आलं की भाकऱ्या. वर्षभरात वजन नुसतं वाढायलंय, पाळी पुढंमागं व्हायलीय, पोट साफ होत नाही आणि दुपारी डबा खाल्ला की डोळे मिटतात, मशीनचा आवाज चालू असताना पण. मिस्टर ५२ वर्षांचे, त्यांना शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे.

आता झालंय असं की माझी नणंद पुण्यात असते, ती एका शिबिराला जाऊन आली आणि तेव्हापासून शिजवलेलं काहीच खात नाही. फळं, कच्च्या भाज्या, मोड आलेले मूग-मटकी, भिजवलेले बदाम नि दाणे, सकाळी गव्हांकुराचा रस. संक्रांतीला आली होती तर आम्ही भोगीची भाजी नि बाजरीची भाकरी खायलोय आणि ही गाजर चावत बसलेली. पण खोटं का बोलू, वजन उतरलंय तिचं, चेहरा पण टवटवीत दिसतो. ती म्हणते ४५-४८ डिग्रीच्या वर तापवलं की अन्नातले एन्झाइम मरतात आणि आपण मेलेलं अन्न खातो.

तर आम्ही दोघांनी गुढीपाडव्यापासून सुरू करायचं मनात आहे. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या कच्चं खाऊन वात धरतो, आणि ज्वारी सोडली की माणूस उभा राहत नाही. त्यांचं वय ७४, त्यांचं नि पोरांचं वेगळं शिजवावं लागणारच. मला विचारायचंय की भाकरी पूर्ण सोडून अंगात ताकद राहते का, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ४३-४४ डिग्री जातं त्यात मोड आणि चिरलेल्या भाज्या टिकतात का, मिस्टरांच्या गोळीचं काय करायचं, आणि गॅस नि वेळ वाचेल असं जे वाटतंय ते खरं आहे का. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, व्हिडिओच्या लिंका नकोत, त्या नणंदेनं भरपूर पाठवल्यात.

कडक_भाकरी

ताई ४८ डिग्रीच्या वर जायचं नाही हा नियम सोलापुरात पाळायचा कसा ओ, मे महिन्यात गच्चीवर टोमॅटो विसरला तर संध्याकाळपर्यंत त्याची भाजी झालेली असते 😄

आणि शेंगाचटणी? दाणे भाजलेले असतात म्हणजे ती गेली. हुरडा आगटीत भाजतात, तो पण गेला. राहिलं काय मग, नुसतं सिद्धेश्वराचं दर्शन.

सिरीयस उत्तर बाकीचे देतील, मी वाचायला बसलोय कारण आमच्या हिनं पण हेच खूळ घेतलंय.

जुळे_सोलापूर_५४

मी केलंय ताई, तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो. पूर्ण कच्चं, चहासुद्धा बंद. उन्हाळ्याच्या आधी सुरू केलं आणि दिवाळीच्या आसपास सोडलं, म्हणजे सोडलं पण पूर्ण नाही, ते पुढं सांगतो.

चांगलं काय झालं ते आधी. पोट. इतकी वर्षं इसबगोल घेत होतो ते सुटलं. पँटी सैल झाल्या. दुपारची झोप गेली कारण दुपारी पोटात जड काही नसतंच. पहिला आठवडा मात्र डोकं ठणकायचं नि पोट ढोलासारखं फुगायचं, शिबिरवाले याला विष बाहेर पडतंय म्हणतात, माझ्या मते निम्मं तर चहा बंद झाल्याचं डोकं होतं आणि फुगणं मटकीचं. फायबर एकदम तिप्पट केलं तर दुसरं काय होणार.

वेळ वाचतो हे डोक्यातनं काढून टाका. भाकरी थापायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट धुण्यात, सोलण्यात, किसण्यात जातो, आणि मग चावण्यात. खरंच सांगतो, जबडा दुखायचा. एक ताटभर कच्चं नीट चावून खायला अर्धा-पाऊण तास लागतो, तुमच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी किती असते बघा. गॅस वाचला पण बदाम-अक्रोड-खजुरात त्याच्या कितीतरी पट गेले. आणि मंडईच्या फेऱ्या, कारण पालेभाजी दुसऱ्या दिवशी मान टाकते.

मग हळूहळू दुसरी बाजू. चार वाजले की भूक, ती पण अशी की कुणाशी नीट बोलवत नाही. थंडी सुरू झाली तर मला सोलापुरात स्वेटर लागायला लागला, लोक हसायचे. दिवसभर लिंबू, संत्री, डाळिंब, बोरं चालू असल्यानं दात आंबले, गार पाणी लागलं की झिणझिण्या. डेंटिस्ट म्हणाला वरचं आवरण झिजायलंय, आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करत जाऊ नका, आधी चूळ भरा. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल मस्त खाली आलेलं आणि बी१२ पण खाली, इंजेक्शनं घ्यावी लागली. आणि लग्नसराई! प्रत्येक पंगतीत "काय हो, आजारी आहात का" याचं उत्तर देऊन कंटाळा येतो, हे कुणी सांगत नाही पण माणूस बहुतेक यामुळंच सोडतो.

आता दुपारपर्यंत कच्चं खातो, म्हणजे सकाळी फळ नि भिजवलेले दाणे, दुपारी मोठं ताट काकडी-गाजर-पात-मोड आणि दही, रात्री घरच्यासारखी भाकरी-भाजी-आमटी. वजन थोडं परत आलं, सगळं नाही. पोट अजून ठीक आहे.

पूर्ण_कच्चं

वरच्या दादांनी दिवाळीपर्यंतच केलं म्हणून असं वाटतंय. शरीराला बदलायला वेळ लागतो. मी बरीच वर्षं पूर्ण रॉ आहे, माझं वय ५८, शुगर होती ती आता गोळीशिवाय नॉर्मल येते. जगात माणूस सोडून कुठला प्राणी शिजवून खातो सांगा? आणि आजार कुणाला जास्त?

शिलाईवाली ताई, घाबरू नका, पण एकदम उडी मारू नका, आधी रात्रीचं जेवण सूर्यास्ताच्या आत घ्या, मग एकेक वेळ बदला. कडधान्यात मूग पचायला सगळ्यात हलका, मटकी नंतर. राजमा, पावटा असलं कच्चं अजिबात नको, मोड आले तरी नको. दाणे रात्रभर भिजवून खायचे. चावून चावून खा. एवढं केलं की पोट फुगत नाही. एन्झाइमचं तुमची नणंद बरोबर बोलली.

आहारवाली

मी आहारतज्ज्ञ आहे, सोलापुरातच एका दवाखान्यात बसते. कुणाचा डोस इथून सांगणार नाही, पण काही गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

ताई, आधी तुमचं. वजन वाढणं, पोट साफ न होणं, दुपारी झापड, पाळी पुढंमागं, ४७ वय. हे तुम्ही आहाराच्या खात्यात टाकलंय पण हे सगळं एकत्र दिसलं की कुठलाही डॉक्टर पहिल्यांदा थायरॉइडची टीएसएच टेस्ट लिहून देतो. सोबत हिमोग्लोबिन, बी१२, व्हिटॅमिन डी नि तीन महिन्यांची साखर पण करून घ्या, साखर तुमची पण. पाडव्याला अजून वेळ आहे, त्याच्या आत होतं सगळं. थायरॉइड निघाला तर कितीही गाजर खाल्लं तरी झापड जायची नाही, आणि वरनं कोबी-फ्लॉवर-मुळा कच्चा ढीगभर रोज खाणं त्यात बरं नाही, शिजवल्यावर त्यातले थायरॉइडला आडवे येणारे घटक बरेच कमी होतात. चार फोडी मुळ्याला कुणी नाही म्हणत नाही, किलोच्या हिशोबाबद्दल बोलतेय.

मिस्टरांची गोळी कुठली ते स्ट्रिपवर बघा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम पडायची भीती कमी, पण बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी१२ मुळातच कमी व्हायची शक्यता असते, त्यात दूध-दही बंद केलं तर विचारूच नका. त्यात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, आणि बऱ्याचदा एकाच गोळीत दोन्ही असतात, तर मग लक्ष द्या, ती गोळी तुम्ही रोज जेवढं धान्य खाता ते धरून ठरवलेली असते. भाकरी बंद आणि गोळी तेवढीच, म्हणजे साखर ७० च्या खाली जाऊ शकते, हातपाय थरथर, घाम, डोळ्यापुढं अंधारी, आणि माणूस त्या वेळी टू-व्हीलरवर असला म्हणजे संपलंच. म्हणून आधी डॉक्टर, मग पाडवा. पूर्ण_कच्चं काकांची गोळी बंद झाली असेल, वजन उतरलं की काही जणांची होते, पण ती डॉक्टरांनी बंद केलेली असली पाहिजे, आपली आपण नाही. बीपीची गोळी चालू असेल आणि किडनी थोडी कमजोर असेल तर नारळपाणी नि फळांचे रस धडाधड वाढवले की पोटॅशियम चढतं. रक्त पातळ करायची वॉरफेरीनसारखी गोळी असेल तर पालेभाजी एकदम वाढवायची नाही, गोळीचा परिणाम उतरतो. मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल तर पालकाचा रस नको.

एन्झाइमचं. भाजीतले एन्झाइम भाजीच्या स्वतःच्या कामाचे असतात, आपल्या जठरातल्या आम्लात त्यातले बहुतेक तसेही मोडतात, पचनाला लागणारे आपलं शरीर स्वतः बनवतं. शिजवल्यावर व्हिटॅमिन सी बरंच जातं हे खरं आहे, म्हणून लिंबू, पेरू, आवळा, कोथिंबीर कच्चीच खावी. पण टोमॅटोतलं लायकोपिन आणि गाजरातलं कॅरोटीन शिजवून थोड्या तेलात जास्त अंगी लागतं. म्हणजे दोन्ही पाहिजे.

प्राणी शिजवत नाहीत हे पण खरं, पण माकडं दिवसातले कितीतरी तास नुसती चावत बसतात, ताईंना संध्याकाळी पोरांचा डबा बघायचाय.

ताकदीचं विचारलंत. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३४० कॅलरी असतात आणि १०० ग्रॅम काकडीत १५ च्या आसपास. तेवढ्याच ताकदीसाठी सव्वादोन किलो काकडी. म्हणून कच्च्यावर माणूस बारीक होतो, त्यात काही जादू नाही, पोट भरतं पण कॅलरी भरत नाहीत. ती उणीव मग दाणे, बदाम, खोबरं, केळी, खजूर यांनी भरायची, आणि शुगरवाल्या माणसानं खजूर नि केळी किती खायची हा पुन्हा प्रश्नच.

जर्मनीत २००५ मध्ये वर्षानुवर्षं कच्च्यावर राहिलेल्या २०१ लोकांचा अभ्यास छापून आलाय. वाईट कोलेस्टेरॉल नि ट्रायग्लिसराइड छान कमी, पण चांगलं कोलेस्टेरॉलही कमी, आणि ३८ टक्के लोकांचं बी१२ कमी. तिकडच्याच त्याआधीच्या एका अभ्यासात ४५ च्या आतल्या बायकांत साधारण ३० टक्के जणींची पाळी बिघडलेली किंवा बंद. तुमच्या वयात हे झालं तर आपण म्हणणार पाळी जायला आली, आणि खरं कारण कमी खाणं असू शकतं. २००५ मध्येच अमेरिकेत १८ जणांवर केलेल्या एका अभ्यासात कच्चं आणि दुधाशिवायचं खाणाऱ्यांच्या कंबरेची नि पाठीच्या कण्याची हाडं बाकीच्यांपेक्षा हलकी निघाली. लहान अभ्यास आहे, मान्य. पण पाळी जाताना बाईची हाडं तशीही पटकन झिजतात, त्यामुळं दही-ताक, तीळ, नाचणी, सकाळचं ऊन, थोडं चालणं, हे सोडायची वेळ ही नव्हे.

दुधीचा रस बरेच जण घेतात म्हणून सांगते, आधी एक तुकडा जिभेवर ठेवून बघायचा, कडू लागला की सगळा रस फेकायचा. लिंबू-मध घालून पिऊन टाकायचा नाही. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत आपल्या देशात, आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, त्यावर समिती बसवली होती. आणि कच्च्या आहाराच्या नावाखाली कुणी गोठ्यातलं न तापवलेलं दूध प्या म्हणालं तर हात जोडा.

मळा_मंगळवेढा

वाचलं सगळं. मी शेतकरी माणूस, मालदांडी ज्वारी लावतो आणि थोडी भाजी. मला एक कळंना, तुम्ही सोलापूरची माणसं कच्चं खायला शिबिराला पैसे कशाला देताय? मेथी बारीक चिरायची, पातीचा कांदा, मीठ, तिखट, दाण्याचं कूट आणि वरनं कच्चं तेल, झाला घोळाणा. करडईच्या कोवळ्या पानांचा होतोय, हरभऱ्याच्या शेंड्यांचा होतोय. आमच्यात शेतात जेवताना मुळा उपटून, पुसून, पाल्यासकट खायचा. हरभऱ्याचा डहाळा येतो तेव्हा बांधावर बसून सोलायचा नि खायचा. कानडी घरात पचडी, म्हणजे कच्ची कोशिंबीर, असतीच रोज. आता पोरं पिझ्झा खायलेत म्हणून सगळं शिबिरात जाऊन शिकायची पाळी.

एक महत्त्वाचं. ज्वारीला मोड आणून कच्ची खायची नाही. कुणीतरी सांगेल तुम्हाला की गव्हाला मोड आणता तशी ज्वारीला आणा. नाही. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात विष असतंय, सायनाइडच्या जातीचं, पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी खाल्ली की जनावर तिथंच आडवं होतंय, हे आमच्यात लहान पोराला पण माहितीय. मोडाच्या कोंबात पण तेच असतंय. ज्वारीला मोड आणलेच तर कोंब-मुळ्या चोळून काढायच्या, वाळवायची, भाजायची आणि मगच पीठ. ज्वारी ही भाकरीची वस्तू आहे, हुरडा पण भाजूनच.

दुसरं, फवारणी. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतंय फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही ते, पण भाव चढला की कोण थांबतंय, खोटं बोलून काय उपयोग, मी पण याच धंद्यात आहे. फ्लॉवर, कोबी, वांगी, मिरची, द्राक्षं यावर फवारण्या जास्त. पात, मुळा, गाजर, मेथी यांना त्या मानानं कमी. द्राक्षं धुवून, चोळून, परत धुवून. कच्चं जास्त खाणार असाल तर एखादा ओळखीचा मळेवाला धरा, त्याला सांगा की बाबा न फवारलेला वाफा आमचा. आणि ओढ्या-नाल्याच्या घाण पाण्यावर वाढलेली पालेभाजी मिळती शहराच्या आजूबाजूला, शिजवून खाल्ली तर एकवेळ चालंल, कच्ची नको.

आहारवाली

मळेवाल्या दादांचं ज्वारीचं शंभर टक्के बरोबर, मी लिहायची राहिले होते.

मोडांचं अजून एक. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून जंतू पसरले, ५० च्या वर माणसं गेली, हजारोंना जुलाब-रक्त, काहींच्या किडन्या बंद. मोड काढायला जी ऊब नि ओल लागते तीच जंतूंनाही आवडते, आणि आपल्याकडचा एप्रिल म्हणजे दोघांनाही जत्राच. उन्हाळ्यात मूग भिजवलेलं पाणी दोनदा बदला, रात्री कापडात बांधून बाहेर ठेवले तरी सकाळी मोड दिसले की लगेच फ्रिज, आणि त्याच दिवशी संपवा. चिकट लागले, आंबूस वास आला की मोह नको. सासूबाईंना नि ज्यांना शुगर आहे त्यांना मोड दोन-तीन मिनिटं वाफवूनच द्या, कितीही नियम मोडला तरी.

भाजी धुवायचं पाणी पण बघा. नळाला रोज पाणी येत नसलं की ते टाकीत साठलेलं, तेच आपण वापरतो. टाकी वेळच्या वेळी धुतलेली पाहिजे आणि शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्यानं. कोबीचं एकेक पान सुटं करून धुवायचं, नुसतं वरनं गड्ड्यावर पाणी ओतून नाही, त्यात बारीक अंडी असतात कृमींची, डोक्यापर्यंत जाणारी. चिरायची सुरी-पाट मटणाचा असेल तर वेगळा.

दाणे निवडून घ्या. काळसर, सुरकुतलेला, खवट दाणा बुरशीचा असू शकतो, भाजून पण तो चांगला होत नाही.

निवृत्त_मास्तर

थोडं विषयांतर. हा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. गांधीजींनी १८९३ मध्ये प्रिटोरियात असताना न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता, पंधरवड्याच्या आसपास टिकला, अशक्तपणा आला नि दात दुखायला लागले म्हणून बंद केला. परत १९२९ मध्ये आश्रमात बऱ्याच जणांसोबत केला, तेव्हा त्यांना आमांश झाला आणि सोडावा लागला. एवढा निग्रही माणूस, ज्यानं मीठ सोडलं, दूध सोडलं, त्यानं हे सोडलं. तरी निसर्गोपचारावरची श्रद्धा गेली नाही, १९४६ मध्ये उरुळी कांचनला आश्रम काढलाच. आपण पुण्याला रेल्वेनं जाताना ते स्टेशन लागतं. असो, कुणाला यातनं काय घ्यायचं ते घ्या. आमच्या घरी मेथीचा घोळाणा आज झालेला आहे.

पूर्ण_कच्चं

मास्तर, गांधीजींच्या वेळी बी१२ ची गोळी नव्हती, फ्रिज नव्हता. मी बी१२ घेतो, दर सहा महिन्याला रक्त तपासतो. मी कुठं म्हणालो तपासू नका. ज्वारीच्या मोडाचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद मळेवाले. पण आहारवाली ताई, तुमच्या त्या जर्मन अभ्यासात कोलेस्टेरॉल कमी झालं हे पण लिहिलंत, ते बरं केलंत, इतर डॉक्टर तेवढंच लपवतात.

शिलाईवाली_ताई

बापरे, एवढं सगळं वाचून काल मिस्टरांची स्ट्रिप बघितली तर दोन नावं आहेत त्यावर, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. त्यांना दाखवलं तर म्हणतात मी आधीच सांगत होतो. काही सांगत नव्हते 🙂 सोमवारी दोघं जाणार आहोत डॉक्टरांकडं, माझी थायरॉइडची पण करून घेते, कारण आईला होता थायरॉइड हे मला आहारवाली ताईंचं वाचून आठवलं.

पूर्ण कच्चं आत्ता तरी नाही. पण मला डब्याचं सांगा, अर्धा तास सुट्टी असते, बाकीच्या बायका भाकरी-भाजी खाणार आणि मी काय नेऊ जे दुपारपर्यंत पाणी सुटून गिळगिळीत होणार नाही? आणि सासूबाईंना दात नाहीत वरचे, त्यांना पण थोडं कच्चं द्यायचं झालं तर कसं?

जुळे_सोलापूर_५४

डब्यात मीठ घालूनच नेऊ नका, पाणी मिठामुळं सुटतं. काकडी-गाजर-मुळा लांब फोडी, मीठ-तिखट-कूट वेगळ्या डबीत, खाताना मिसळायचं. टोमॅटो अख्खा न्या, तिथं चिरा. पालेभाजी धुतल्यावर फडक्यात पूर्ण कोरडी करून मगच डब्यात. भाकरी बंद करू नका, दोनाच्या ठिकाणी एक न्या आणि कच्चं आधी खा, भाकरी नंतर. दही सुटं न्यायचं उन्हाळ्यात तर सकाळी विरजण डबीतच लावा, जेवायच्या वेळेला लागतं बरोबर.

कडक_भाकरी

आणि शेंगाचटणी न्या ओ ताई. बाकी सगळं ऐका पण एवढं माझं ऐका.

मळा_मंगळवेढा

म्हातारीला काकडी किसून कोशिंबीर, त्यात दही नि दाण्याचं बारीक कूट. गाजर किसून पण होतंय. मेथी नको, दाताशिवाय ती घशात अडकती. पेरूचा मधला बियांचा भाग काढून चमच्यानं खरवडून द्या, पिकलेली पपई द्या. आमच्या आजीला असंच द्यायचो, शेवटपर्यंत काकडी सोडली नाही तिनं.

आहारवाली

ताई, सोमवारी जाताना मिस्टरांची गेल्या पंधरा दिवसांची घरच्या मशीनवरची साखर लिहून न्या, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची वेगळी. मशीन नसेल तर आता घ्याच. डॉक्टरांना सांगा की एका वेळेला एक भाकरी कमी करून त्याजागी कच्चं नि मोड घ्यायचा विचार आहे, मग ते डोस बघून सांगतील. बदल केल्यावर पहिले आठ-दहा दिवस जेवणाच्या आधी पण तपासा आणि त्यांच्या खिशात साखरेची पुडी राहू द्या. रिपोर्ट आले की इथंच टाका, नाव-बिव झाकून.

शिलाईवाली_ताई

टाकते. मशीन आहे घरी, सेल संपलेत, आजच आणते.